सत्यक्काच्या वतीने

५ ऑगस्ट, मंगळवार

इंजिनिअरिंग कॉलेज सोडलं तेव्हा थर्मल लॅबच्या रेकॉर्डबुकाची निम्मी पानं कोरी राहिली होती. विभागप्रमुखांच्या टेबलावर आपटून आलो ती हीच वही. नंतर कुणीतरी घरी आणून दिली. आई म्हणते रद्दीत घाल. पण आज जे झालं ते सांगावं असं माणूस घरात नाही, म्हणून या पानांना सांगतो.

सत्यक्काला घेऊन जयनगरच्या दवाखान्यात गेलो होतो. तिला आता सातवा लागेल. होसकोट्याला सासरी सांगितलंय की रक्त कमी आहे, माहेरी विश्रांती हवी. खरं कारण शुगर. गरोदरपणात चढते ती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुतेकींची बाळंतपणानंतर उतरते, पथ्य सांभाळलं तर बाळ-बाळंतीण सुखरूप. आईनं यातलं काही ऐकलं नाही. शुगरनं आधी अप्पांचा पाय गेला, मग अप्पा. तिचं एकच: होसकोट्याला कळलं तर म्हणतील, बापाचा रोग आमच्या घरात आणला. म्हणून फोनवर तो शब्द काढायचा नाही. अक्काच्या नवऱ्याला, त्रिविक्रम दाजींनासुद्धा, ठाऊक नाही.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर मंगळवारी अशा बायकांची बैठक असते. गोल मांडलेल्या खुर्च्या, मनात आहे ते बोलायचं. सोबतच्यांनी बाहेर थांबायचं. अक्का जिन्यातच अडून बसली.

"मी नाही येत. माझं डोकं ठिकाणावर आहे."

"जा की गं. नाहीतर आई मला खाईल."

"तुला खाल्लं तर तिला अजीर्ण होईल."

वरून कुणीतरी हसलं. "तुम्ही मराठी? थँक गॉड! सकाळपासून माझ्या कन्नडला सगळ्या हसतायत."

मी मान वर केली आणि जे बोलणार होतो ते विसरलो. मग म्हणालो, "आम्ही इथलेच. साडेतीनशे वर्षं झाली."

"ह्याचं मनावर घेऊ नका," अक्का म्हणाली. "हा सांगेल तर शहाजीराजांबरोबर स्वतः घोड्यावरून आलाय."

तिचं नाव आश्लेषा. पुण्याची, मारतहळ्ळीला राहते, मानसशास्त्र शिकलीय, ही बैठक तीच चालवते. अक्काच्या पाठीवर हात ठेवून ती तिला वर घेऊन गेली. मी एक तास जिन्यावर. उठावंसं वाटलं नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

अक्काची आकड्यांची वही माझ्याकडे आली. दिवसातून चार वेळा बोट टोचायचं, पट्टीवर थेंब, मशीन सांगेल तो आकडा लिहायचा. उपाशीपोटी पंच्याण्णवच्या खाली, जेवणानंतर तासाभरानं एकशे चाळीसच्या खाली. मंगळवारी बैठक सुटल्यावर आश्लेषानं आम्हां सोबत्यांना हे समजावलं होतं. सत्तरचंही काहीतरी सांगत होती, पण तेव्हा ती केस बांधत होती.

आजचे दोन आकडे वर गेले. अक्का ताटावरून उठली. आई म्हणाली, "अगं अर्धीच भाकरी खाल्लीस." अक्का म्हणाली, "अर्धीनंच एवढं केलं."

१२ ऑगस्ट, मंगळवार

देव आहे.

बैठक सुटल्यावर आश्लेषा खाली आली. "मालोजी ना तू? तुला कन्नड लिहिता येतं?"

"येतं म्हणजे काय, शाळा कन्नडच."

"मग एक काम करशील? माझ्याकडे दहा प्रश्नांचा कागद आहे. ॲक्च्युअली खूप इंपॉर्टंट आहे. बायका बैठकीत बोलत नाहीत ते कागदावर सांगतात. पण इंग्रजीत आहे, निम्म्यांना कळत नाही. कन्नड आणि मराठी, दोन्ही करून देशील?"

देईन म्हणालो. चंद्रही देईन असं म्हणणार होतो, मागे अक्का उभी होती.

मग तिनं एक फॉर्म भरून घेतला. "बैठकीला नाही आली तर फोन करून विचारपूस करते मी. सत्यवतीचा नंबर सांग." अक्का औषधाच्या खिडकीपाशी होती. मी माझा नंबर सांगितला. अक्काचा फोन तसाही कधी चार्ज नसतो. खोटं काही नाही त्यात.

घरी येताना रिक्षावाल्याशी भांडलो. वीस जास्त मागत होता म्हणून नव्हे. तो अक्काला म्हणाला, "एवढं मोठं पोट, जुळं काय?" मी उतरून त्याची कॉलर धरली. अक्का आतून ओरडत होती, "सरी बिडो, मालो, सोड!" नंतर घरापर्यंत पदर पोटावर ओढून बसली. उंबऱ्यात म्हणाली, "खरंच फार मोठं दिसतं का रे?"

१६ ऑगस्ट, शनिवार

प्रश्नांवर चार दिवस घालवले. 'गोष्टी बिघडल्या की मी स्वतःलाच बोल लावते.' यातल्या 'बोल लावते'ला कन्नड शब्द शोधायला रविवार गेला असता, अक्कालाच विचारलं. ती गादीवर भिंतीला टेकून बसली होती. लगेच सांगितला. असा चपखल, की मी म्हणालो, "अक्का, तू माझ्यापेक्षा हुशार. तूच कर हे काम."

ती म्हणाली, "मालो, गुलाबजाम पाकात टाकला की कसा फुगतो?"

"का, खावासा वाटतोय? मी आणतो चोरून एक."

"तसं नव्हे. बाळ माझ्या आत तसं मुरत असेल. मी जे खाते त्याचा पाक होतो नि ते त्यात बुडून फुगतंय."

मी खूप हसलो. म्हणालो, बाहेर येईल तेव्हा वरून पिस्ते घालू. तीही हसली. निदान तोंड तसं केलं.

दहाव्या प्रश्नाशी अडलो होतो. स्वतःचं काही बरंवाईट करून घ्यावं असं मनात येतं का, असा तो आहे. असले प्रश्न गरोदर बायकांना कशाला विचारतात? पण आश्लेषाचं काम आहे, म्हणून नीट केला. अक्षर तर छापल्यासारखं.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आश्लेषानं कागद वाचला आणि म्हणाली, "किती हळुवार लिहिलंयस रे." हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

अक्काला आजपासून इन्शुलिनचं पेन दिलं. आकडा फिरवायचा नि मांडीत टोचायचं. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं: याचा अर्थ तुम्ही चुकलात असा नाही, पथ्य पुरत नाही म्हणून शरीराला मदत. अक्कानं सगळं ऐकून घेतलं. घरी आल्यावर आईनं ते पेन पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. "अप्पांचंही आधी सुईवरच आलं होतं."

"आई, स्वल्प गप्प बस!" मी एवढ्यानं ओरडलो की शेजारची कुत्री भुंकायला लागली.

तेवढ्यात दाजींचा फोन. "काय मेहुणे, तुमची अक्का माझा फोन घेत नाही. रागावली काय?" गरीब माणूस, वर्कशॉपच्या आवाजात ओरडून बोलत होता. माझं डोकं फिरलेलंच होतं. म्हणालो, बायकोची एवढी काळजी आहे तर येऊन बघा की, लेथ सोडून दोन तास. आईनं फोन हिसकला आणि गोड आवाजात म्हणाली, रक्ताच्या गोळ्या चालू आहेत, झोपलीय.

अक्का झोपली नव्हती. दारात उभी होती.

२३ ऑगस्ट, शनिवार

आकडे कसे उतरलेत! ८८, ८४, ७९. पेन म्हणजे जादू आहे. आज सकाळी मशीननं ६१ दाखवलं. मी ओरडलो, "अक्का, विक्रम!" तिचा हात थरथरत होता, कपाळावर घाम. म्हणाली, काही नाही, उकडतंय.

मग म्हणाली, "एकसष्ट नको लिहूस. एक्क्याऐंशी लिही."

"का? कमी म्हणजे चांगलंच ना?"

"फार कमी दिसलं तर बोलावतात. विचारत बसतात, काय खाल्लं नि काय नाही. मग दाजींना घेऊन या म्हणतील. होसकोट्याला कळेल. तुला चालेल?"

हिशेब सोपा वाटला. चांगला आकडा होता, तो मी थोडा कमी चांगला करून लिहिला. यात कुणाचं नुकसान? बैठकीत आश्लेषा सगळ्यांच्या वह्या बघते. ज्यांच्या वहीत लाल खूण, त्यांना मोठ्या डॉक्टरांकडे पाठवते. पेन आल्यापासून आमच्या वहीत एकही नाही. मागच्या मंगळवारी वही उघडी धरून ती सगळ्यांना म्हणाली होती, हे बघा, असा भाऊ हवा.

२६ ऑगस्ट, मंगळवार

आज गौरीहब्बा, गौरीचा सण. अक्का म्हणाली, दमलेय, तूच जाऊन ये. दहा प्रश्नांचा कागद गेल्या खेपेला प्रत्येकीला घरी दिला होता, तो आज परत द्यायचा होता. अक्काचा कागद तिच्या उशाखाली होता. कोरा.

"अक्का, हे भर."

"तूच भर. प्रश्न तुझेच आहेत."

"आणि उत्तरं?"

"सगळं बरं आहे असं लिही." आणि कूस बदलली.

दवाखान्यासमोरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या कॉफी घेत मी कागद भरला. हसू येतं का? पूर्वीइतकंच. झोप लागते का? हो. दहावा प्रश्न: कधीच नाही. तिच्या अक्षरासारखं वळण काढलं, थोडं डावीकडे झुकणारं. बायकांच्या मनात काय असतं ते मला आता पाठ झालंय, चार दिवस तेच तर लिहीत होतो.

आश्लेषानं कागद वाचला. पुन्हा वाचला.

"दहाच्या दहा एकदम छान? मालोजी, हे तिनंच भरलं ना?"

"हो तर."

"मागच्या वेळी बैठकीत ती एक शब्द बोलली नाही. नुसती माझ्या चपलांकडे बघत होती."

"ती लाजाळू आहे."

माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. इतका वेळ माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. म्हणाली, "मी फोन करीन."

करीन म्हणाली! स्वतःहून!

३० ऑगस्ट, शनिवार

चार दिवसांत पाच फोन. मी गच्चीवर जाऊन घेतो.

ती नेहमी अक्कापासून सुरू करते. जेवते का, बोलते का, एकटी असते का, बाळाबद्दल काही म्हणते का. आणि "तिला देतोस फोन?" मी म्हणतो, झोपलीय, अंघोळीला गेलीय, मस्त आहे. मग मी मुद्दाम विषय बदलतो. काल तिला सांगितलं की मी कॉलेज का सोडलं. ती ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "तुला राग आला की तू खूप बोलतोस. सत्यवतीला राग आला की काय करते?" मी म्हणालो, तिला येतच नाही. "कधीच?" कधीच.

तिकडे कागदावर काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला. माझं काळीज असं धडधडत होतं.

अक्का हल्ली घर आवरत असते. आज मला लोखंडी कपाटापाशी नेलं. बाळाची दुपटी इथे, टोपडी इथे, बारशाचं सोनं आईच्या डब्यात, सगळं दाखवलं. म्हणालो, मला कशाला? तूच काढशील की. ती म्हणाली, "बायकांचं कळत नाही रे. दाजींवर ओरडत जाऊ नकोस. चांगले आहेत ते." आणि माझ्या केसांतून हात फिरवला. बोटांची टोकं टोचून टोचून खरखरीत झालीत.

गणपतीचे कडबू तिनं सगळ्यांना वाढले. स्वतः एकही नाही. आईनं कौतुकानं म्हटलं, पथ्य शिकावं तर हिच्याकडून.

मशीनवर आज ५८. मी ८५ लिहिले. हे मला आता पटापट जमतं.

२ सप्टेंबर, मंगळवार

अक्का आजही आली नाही. आश्लेषा म्हणाली, "आता मी घरीच येते. उद्या."

घरी! आमच्या घरी, जिथे भिंतीवर अप्पांच्या फोटोखाली माझा बनियन वाळत असतो. म्हणालो, उद्या नको, शुक्रवारी या. अक्काचं डोहाळजेवण आहे. सोमवारी पितृपक्ष लागतो, त्याच्या आत उरकायचं म्हणून आईनं घाई केलीय. होसकोट्याची सगळी येणार.

"डोहाळजेवण? म्हणजे गोडधोड?"

"एकेक घासच असतो."

"आणि सासरचे येणारेत, ज्यांना अजून सांगितलेलं नाही." तिला अक्कानंच पहिल्या दिवशी सांगितलं असावं. "मालोजी, शुक्रवारपर्यंत तिला एकटं ठेवू नका. मला तिच्याशी नुसतं दोन मिनिटं बोलू दे फोनवर."

"आत्ता झोपली असेल."

ती काहीतरी बोलणार होती, पण आतून बायकांनी हाक मारली. मी नवा शर्ट घेतला. निळा. तिला निळा आवडत असावा, तिच्या पिशव्या निळ्या असतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळ

आईनं हिरव्या साडीच्या निऱ्या तीनदा केल्या. अक्काच्या कमरेला साडी राहत नाही. पोट तेवढं पुढे, बाकी नुसती हाडं. आई म्हणाली, "पदर असा घे, झाकतं."

उपाशीपोटी ५४. मी लिहिलंच नाही, अजून दाढी करायची होती.

आश्लेषा चारला येणार.

७ सप्टेंबर, रविवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहितो, हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. जसं झालं तसंच लिहिणार.

शुक्रवारी दुपारी अक्काला पाटावर बसवली. फुलांच्या वाड्या, हातात हिरव्या बांगड्या. तिच्या सासूबाई, पद्मावतीअत्या, होसकोट्याहून पाच पदार्थ स्वतः करून घेऊन आल्या होत्या. सात बायकांनी सात घास भरवायचे. आई प्रत्येकीच्या कानाला लागत होती, "लहान द्या हं, तिला मळमळतं." अक्कानं मात्र प्रत्येकीपुढे तोंड मोठं उघडलं. ओबट्टू, लाडू, श्रीखंड. नाही म्हणालीच नाही. मग दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, पेढा निघाला की मुलगा, बर्फी निघाली की मुलगी. पेढा निघाला. बायका ओरडल्या. दाजी दारातून म्हणाले, "अगं मलाही ठेव अर्धा!" तिनं अख्खा खाल्ला, त्यांच्याकडे बघत. सगळी म्हणाली, आज पोर खुलली. मीही तेच म्हणालो.

तीन वाजता ती म्हणाली, पडते जरा. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

आश्लेषा चारच्या आधीच आली. आल्याआल्या विचारलं, "सत्यवती कुठेय?" मी म्हणालो, पडलीय, बसा ना, कॉफी घ्या. आणि मी तिला दहा मिनिटं बसवून ठेवलं. भिंतीवरचा माझा शाळेतला फोटो दाखवला. दहा मिनिटं. तिनं कॉफीला हात लावला नाही. मग एकदम उठली आणि कुणाला न विचारता आतलं दार ढकललं.

अक्का गादीच्या खाली घसरली होती. साडी घामानं भिजलेली, डोळे अर्धे उघडे, तोंडानं भलतंच काहीतरी. उशाशी मशीन नव्हतं. पेन होतं.

"साखर आणा!" आश्लेषा ओरडली. "मध, साखर, काहीही, पटकन! आणि ॲम्ब्युलन्सला फोन करा!"

घर मिठायांनी भरलेलं होतं. आणि माझी आई दारात आडवी उभी राहिली. "गोड नका देऊ! तिला शुगर आहे! आधीच इतकं खाल्लंय!"

दाजी, अत्या, सगळे हॉलमधून हे ऐकत होते. क्षणभर कुणी हललं नाही. मीसुद्धा नाही, कारण मलाही आईचंच बरोबर वाटलं. लिहायची लाज वाटते, पण तेच खरं आहे.

"काकू, बाजूला व्हा! शुगर पार खाली गेलीय हिची!"

आईला सरकवून आत आल्या त्या अत्या. मोठं बोलल्या नाहीत. स्वयंपाकघरातून मधाची बाटली आणली, अक्काला कुशीवर घेऊन डोकं मांडीवर घेतलं आणि आश्लेषा सांगेल तसा बोटानं थोडाथोडा मध हिरड्यांना चोळत राहिल्या. "गिळतेय," म्हणाल्या, "गिळतेय गं बाई." दाजी तिचे पाय धरून बसले होते. "मला का नाही सांगितलंत?" एवढंच परत परत. कुणाला विचारत होते कळेना.

हॉस्पिटलात आत नेली. तासाभरानं एक डॉक्टर बाहेर आले, हातात माझी वही. "उपाशीपोटी ब्याऐंशी, पंच्याऐंशी, एकोणऐंशी. अशा आकड्यांवर हे असं होत नाही. मशीन बिघडलंय का? इन्शुलिन किती ठेवायचं ते मी याच्यावरून ठरवणार आहे. बाळाचे ठोकेही मला आवडलेले नाहीत."

सगळे माझ्याकडे बघत होते. आई, दाजी, अत्या, आश्लेषा. माझा नवा शर्ट पाठीला चिकटला होता.

मी म्हणालो, "तेवीस तारखेपासूनचे आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत."

डॉक्टरांनी पेन काढून दिलं. मी तिथेच भिंतीला वही लावून आठवतील तेवढे खरे आकडे शेजारी लिहिले. एकसष्ट. अठ्ठावन्न. चोपन्न. लिहिता लिहिता कळत होतं की ती दोन आठवडे जवळजवळ जेवलीच नव्हती, आणि प्रत्येक आकड्याला मी शाबासकी दिली होती. डॉक्टर वही घेऊन पळतच आत गेले. दाजी माझ्यापुढे येऊन उभे राहिले. मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

मग आश्लेषा म्हणाली, "आणि तो दहा प्रश्नांचा कागद?"

"तोही मीच."

"फोन नंबर?"

"माझा."

तिनं डोळे मिटून घेतले. "मी नऊ वेळा फोन केला, मालोजी. तो तुझ्यासाठी नव्हता रे."

रागानं बोलली असती तर मीही भांडलो असतो, मला भांडता येतं. ती तशी बोललीच नाही. आत गेली. काल आणि आज ती अक्काशी तीनदा बोलायला बसली. अक्का 'चक्कर आली, चुकून जास्त घेतलं' यापलीकडे काही सांगत नाही.

आज ग्रहण आहे, रात्रीचं. आई दुपारपासून कुजबुजत होती, वेध लागले, गरोदर बाईनं वेधात तोंडात काही घालू नये, सलाईन आहेच की. सिस्टरनं इडली आणून ठेवलेली तशीच होती. अत्या उठल्या. "विहीणबाई, ग्रहणाचं काय पाप लागायचं ते माझ्या डोक्यावर. सूनबाई, आ कर." आणि मग इतक्या हळू की मलाच ऐकू आलं: "मलाही होतं गं हे, त्रिविक्रमच्या वेळी. तेव्हा मीही कुणाला सांगितलं नव्हतं." अक्कानं आ केला. दोन घास. तिसऱ्याला मान फिरवली.

तीन ते पाच माझी पाळी होती. पोटाला पट्टा लावलेला, मशीनमधून बाळाचे ठोके ऐकू येत होते. अक्का म्हणाली, "मालो, खरं सांग. बाळ ठीक आहे?"

जिभेवर 'एकदम मस्त' आलं होतं. ते गिळलं. सिस्टरला जाऊन विचारलं, परत येऊन जसं ऐकलं तसं सांगितलं. "ठोके शुक्रवारपेक्षा बरे आहेत. पण मधूनच मंद होतात, ते त्यांना पसंत नाही. उद्या सकाळी परत बघणार. काय होईल ते अजून त्यांनाही माहीत नाही."

ती रडेल असं वाटलं. तिनं माझा हात धरला. "तू पहिला आहेस," म्हणाली, "ज्यानं मला 'काही होत नाही' असं सांगितलं नाही." आणि मग बोलायला लागली.

ते सगळं मी इथे लिहिणार नाही. एवढंच, की शुक्रवारी दुपारी पेनचा आकडा तिनं चुकून फिरवला नव्हता. आणि ते अजून तिच्या मनातून गेलेलं नाही.

मग तिनं माझा हात स्वतःच्या पोटावर ठेवला. "बाळाची शपथ आहे, मालो. कुणाला सांगायचं नाही. तू माझं कधी कुणाला सांगितलं नाहीस."

हाताखाली बाळ हललं. मी पाचपर्यंत बसून राहिलो. दाजी पाळीला आले तेव्हा उठलो, थेट सिस्टरच्या टेबलाशी गेलो आणि सगळं सांगितलं, शब्द न् शब्द. मग आश्लेषाला फोन लावला. तिनं उचलला, माझं नाव न घेता ऐकून घेतलं, म्हणाली, "निघाले. मनाच्या मोठ्या डॉक्टरांनाही घेऊन येते. तिच्याजवळून हलू नका." पहिल्यांदाच तिच्याशी बोलताना ती कशी दिसत असेल हे माझ्या मनात आलं नाही.

सिस्टरनी अक्काच्या उशाचं सामान हलवलं, खोलीचं दार उघडंच ठेवलं. तेव्हा अक्काला कळलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला ती नजर ओळखीची नाही.

"एकच तर सांगितलं होतं तुला," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. सिस्टरनं विचारलं, भाऊ थांबू दे का? ती म्हणाली, "तो नको."

म्हणून बाहेर बाकावर आहे. आश्लेषा अजून मारतहळ्ळीच्या गर्दीत असेल. आत दाजी तिला पेज भरवताहेत, काहीतरी बोलताहेत, वर्कशॉपचं, कुठल्यातरी बिघडलेल्या मोटरचं. चमचा भांड्याला लागल्याचा आवाज येतो. मग बराच वेळ काहीच नाही.

मी उघड्या दाराकडे कान लावून बसलोय.